सहलीतून परत न आलेला बाळकृष्ण

आधी दिवस नोंदवतो, म्हणजे पुढे वाद नको. शनिवार: सहल. शनिवारी संध्याकाळी: डब्यातून देव नाहीसा झाल्याची तक्रार. रविवारी सकाळी: मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाईडविरुद्ध जाहीर आरोप. सोमवारी: गाईड कामावरून दूर. बुधवारी: प्रकरणाचा छडा. त्यानंतर तीन महिने: मौन.

या प्रकरणात मी तिघांना जबाबदार धरतो. एक, आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आरोपाचा मजकूर त्यांनी लिहिला. दोन, चिटणीस, त्यांनी तो सर्व सभासदांना पाठवला. तीन, मी स्वतः. त्या मजकुराखाली माझे नाव आणि 'सेवानिवृत्त सहायक पोलीस आयुक्त' हे पद माझ्या संमतीने छापले गेले. चिटणिसांनी फोनवर विचारले होते, "सर, तुमचं नाव टाकू का? वजन येतं." मी म्हणालो, "टाका."

सेवेत असताना हाताळलेल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट होत चालले आहेत. या बोटभर पितळी मूर्तीच्या प्रकरणातला शब्द न् शब्द मात्र कानात आहे.

मी मुलीकडे आयर्लंडमध्ये, ॲथलोनला राहतो. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी मंडळाने एक दिवसाची सहल काढली होती. जाहिरातीत लिहिले होते: 'जंगलातील देवळे, धबधबा आणि तरंगते गाव.' देवळे म्हणजे दाट झाडीत उभी असलेली जुन्या चर्चची दगडी पडझड. तरंगते गाव म्हणजे शॅनन नदीच्या काठाला बांधलेल्या जुन्या मालवाहू होड्या. त्यांत माणसे बारा महिने संसार करतात, टपावर कुंड्या आणि सायकली ठेवतात. एरवी जाहिरातींतल्या अतिशयोक्तीवर मी तक्रार करतो. त्या दिवशी केली नाही, कारण ठिकाणे जाहिरातीपेक्षा सुंदर निघाली.

गाईड पन्नाशीतला आयरिश गृहस्थ. पूर्वी शाळेत इतिहास शिकवायचा. बस चालवणाराही तोच. काहीही विचारले की म्हणायचा, "ग्रँड."

"पाऊस आला तरी ग्रँड, गेला तरी ग्रँड! ह्याच्या बायकोचं बरं आहे," मागून एक आजी म्हणाल्या आणि बस हसली.

पडक्या चर्चशेजारी एक पवित्र विहीर होती. जवळच्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधलेल्या. गाईडने सांगितले, की विहीर उजव्या हाताला ठेवून फेऱ्या घालायच्या, उलटे फिरणे अशुभ.

"अगंबाई, म्हणजे प्रदक्षिणाच की! हा तर आपल्यातलाच निघाला." सगळ्या बायका पदर खोचून फिरू लागल्या, आणि त्यांच्या पुढे गाईड. धबधब्यापाशी आम्ही दशम्या आणि चटणी खाल्ली. त्या अर्ध्या तासात गाईड बसमध्ये सर्वांच्या पिशव्या सांभाळत बसला होता. पुढे त्याच्यावर संशय आला तो एवढ्यावरूनच.

आता फिर्यादीकडे येतो. या सहलीत दोन विहिणी होत्या, एकाच घरी उतरलेल्या. मुलाच्या आईला मी थोरल्या विहीणबाई म्हणतो आणि सुनेच्या आईला धाकट्या. थोरल्या बाई आपला बाळकृष्ण एका छोट्या स्टीलच्या डब्यात, मऊ कापडात ठेवून कुठेही बरोबर नेत. त्याची पूजा एकही दिवस चुकू नये, हा त्यांच्या सासरचा नेम. संध्याकाळी घरी येऊन डबा उघडला, तर देव नाही. त्या जमिनीवरच बसल्या. "चाळीस वर्षं माझ्या हातात आहे तो. आता मी उठून सकाळी काय करू?" एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

रविवारचा मजकूर त्यातून निघाला. 'पिशव्या ज्याच्या ताब्यात होत्या त्या गाईडने मूर्ती लांबवल्याचा दाट संशय' वगैरे. तो कोणीतरी इंग्रजीत करून सहल कंपनीला पाठवला. सोमवारी कंपनीने गाईडला चौकशी होईपर्यंत घरी बसवले.

हे कळल्यावर मला माझ्या सहीची लाज वाटली. मी तपास सुरू केला. त्या देशात मला तपासाचा कोणताही अधिकार नाही, हे मी ज्याच्याशी बोललो त्याला आधी सांगितले आणि वहीत तशी नोंदही केली.

मंगळवारी मी गाईडच्या घरी गेलो. त्याने दार उघडले, मला ओळखले आणि तरीही चहा टाकला.

"तीस वर्षं मुलांच्या पिशव्या माझ्यापाशी असायच्या, इन्स्पेक्टर," तो म्हणाला. "आज सकाळी शेजारीण कुंपणावरून विचारते, काय रे, काय झालं? मी काय सांगू?"

मी वही उघडली. सवयीने मी प्रवासातल्या वेळा टिपलेल्या होत्या. बाकी सर्व ठिकाणांहून बस ठरल्या मिनिटाला सुटली होती. फक्त होड्यांपाशी दहा मिनिटे उशीर.

"तिथे उशीर का झाला?"

"मी सिगरेट ओढत होतो."

उत्तर फार लवकर आले. शिवाय सकाळी याच माणसाने बसमधल्या माइकवरून अभिमानाने सांगितले होते, की बारा वर्षांपूर्वी त्याने सिगरेट सोडली. स्वतःला वाचवायला खोटे बोलणारा माणूस स्वतःच्या सोयीचे बोलतो. हा स्वतःची गैरसोय करून बोलत होता. अशा वेळी तो कोणाला तरी पाठीशी घालत असतो, हे मी कोठडीत अनेकदा पाहिले आहे. मी वही मिटली आणि म्हणालो, "चहा ग्रँड आहे." तो पहिल्यांदा हसला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला एक जुने हवालदार लाभले होते. ते सांगत, "साहेब, काय गेलं ते फिर्यादी सांगतोच. काय राहिलं, ते आपण विचारायचं." त्याप्रमाणे मी हजारो पंचनामे केले. या प्रकरणात मात्र घटनास्थळ, म्हणजे तो डबा, न पाहताच सही देऊन बसलो होतो.

बुधवारी सकाळी थोरल्या विहीणबाईंकडे गेलो.

"डबा बघू."

"रिकामा डबा बघून काय करणार, भाऊ?"

"रिकामा म्हणजे अगदी रिकामा?"

"हो. कापड, चार अक्षता आणि सुपारी. बाकी काही नाही."

"सुपारी तुमचीच?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू बिनडोक आहे. "माझी कशी असेल? देव असताना सुपारी कशाला लागते?"

बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच जाणवले. आपल्याकडे पूजेत मूर्ती नसली की सुपारी मांडतात, तिलाच देव मानतात. चोर देव नेताना त्याच्या जागी सुपारी ठेवत नाही, त्याखाली कुंकू लावलेल्या अक्षता तर मुळीच नाही. आणि आयर्लंडमधला इतिहासाचा शिक्षक ती आणणार कुठून? ज्याने देव उचलला, त्याला त्याची जागा रिकामी ठेवणे सहन झाले नव्हते.

मला आणखी एक आठवले. शनिवारपासून त्या घरातला आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारत होता, "सापडला का?" एक व्यक्ती सोडून.

धाकट्या विहीणबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. मी ओट्याशी उभा राहिलो.

"डब्यात सुपारी सापडली."

"मग? देवाची जागा रिकामी कशी ठेवायची?"

"म्हणजे तुम्ही ठेवलीत."

"मी असं कुठं म्हटलं?"

"आत्ताच."

लाटणे थांबले. माझ्या आयुष्यातला हा सर्वात छोटा कबुलीजबाब असावा.

त्यांच्या मुलीने, म्हणजे या घरच्या सुनेने, दूर राजधानीत, ब्युमॉन्टच्या एका हॉस्पिटलात मुलाखत दिली होती. निकाल शुक्रवारी होता. तोवर देव पाण्यात ठेवायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. मनातली इच्छा पुरी होईपर्यंत देवाला पाण्याबाहेर काढायचे नाही, ही आपल्या बायकांची जुनी रीत. धबधब्याहून निघाल्यावर शेजारच्या सीटवर थोरल्या बाईंचा डोळा लागला. तेव्हा यांनी डबा उघडला.

"तुमचा स्वतःचा देव आणला होतात ना?"

"आणलाय की. पण मुलगी आता त्यांच्या घरची. तिचं बघायचं ते त्यांच्या देवानं. माझ्या देवाला तिथं काय अधिकार?"

हद्दीचे वाद मी आयुष्यभर ऐकले. इतका बिनतोड ऐकला नव्हता.

"मग विहीणबाईंना विचारायचं होतं."

"काय विचारू? सुनेनं लांब जाऊ नये, इथंच राहावं, म्हणून त्यांनी त्याच देवाला सांगून ठेवलंय. रोज ऐकते मी सकाळी."

"आणि देव आहे कुठे?"

"होडीत. निळ्या होडीतल्या बाईंकडे. ह्या घरात पाण्याचा तांब्या कुठे लपवू? गाईडसाहेब मला शोधत आले, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली. भला माणूस."

"त्या भल्या माणसावर चोरीचा आळ आलाय. सोमवारपासून घरी बसलाय."

त्यांच्या हातातली पिठाची लाटी खाली पडली. त्या मंडळाच्या ग्रुपवर नव्हत्या आणि घरात त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि मी काही सुचवण्याआधीच बाहेर जाऊन थोरल्या बाईंसमोर उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, तुमचा देव मी नेला. पाण्यात ठेवलाय. होडीत."

"होडीत!"

"होडीत."

"परक्याच्या?"

"चला, दाखवते. मग काय बोलायचं ते बोला."

मी मुलीची गाडी काढली. दोघी मागे बसल्या, दोन खिडक्यांना दोन तोंडे करून. नदी दिसू लागली तेव्हा थोरल्या बाईंचा आवाज आला, "पाणी रोज बदलतात का तरी?"

होडीतल्या बाई सत्तरीच्या होत्या. आमची वाटच पाहत असल्यासारख्या त्या आम्हाला आत घेऊन गेल्या. खिडकीत काचेचे स्वच्छ भांडे होते. त्यात धाकट्या बाईंनी सहलीत भरून घेतलेले पवित्र विहिरीचे पाणी आणि पाण्यात रांगणारा बाळकृष्ण, लोण्याचा हात वर धरलेला. नदीवरचे ऊन त्याच्यावर हलत होते.

मी विचारले, "या बाईंना इंग्रजी येत नाही. तुम्हाला कळलं कसं?"

"न कळायला काय झालं? लग्नाच्या आदल्या दिवशी हवा चांगली राहावी म्हणून आम्ही बाळ येशूची मूर्ती बाहेर कुंपणाखाली ठेवतो. माझ्या आईनं माझ्या वेळी ठेवली होती. ह्यांनी बाळ पाण्यात ठेवलं, वर बोट दाखवलं, लेकीचा फोटो दाखवला. मला सगळं समजलं. फक्त लग्न कोणाचं, ते समजलं नाही."

मी भाषांतर केले. धाकट्या बाई हसल्या आणि मग त्यांना रडू आले. "काढा, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तुमचा देव आहे. माझ्या हट्टापायी एका माणसाची अब्रू गेली. आता मला काही नको."

थोरल्या बाईंनी भांड्यात हात घातला. मूर्तीला बोट लागले असावे. मग हात तसाच, ओला, बाहेर काढला.

"निकाल कधी म्हणालात?"

"शुक्रवारी."

"मग आज कशाला काढायचा? अर्धवट राहिलेला नवस माझ्या घरात नको." त्यांनी ओला हात पदराला पुसला. "आणि ब्युमॉन्ट काही दुसऱ्या देशात नाही. आगगाडी जाते."

होडीवाल्या बाईंनी केकचा मोठा तुकडा तिघांपुढे ठेवला. अंडे आहे का, हे कोणीही विचारले नाही.

सुनेची निवड झाली. शुक्रवारी दुपारी दोन्ही विहिणी एकत्र जाऊन देव घेऊन आल्या. परतताना गाईडच्या घरी गेल्या आणि दोघींनी मिळून त्याची माफी मागितली. भाषा एकीलाही येत नव्हती. त्याच्या हातात बेसनाचा लाडू ठेवल्यावर तो म्हणाला, "ग्रँड," आणि थोरल्या बाई म्हणाल्या, "ग्रँड." मी सर्वांचे जबाब जोडून कंपनीला पत्र लिहिले. पुढच्या सोमवारी तो कामावर रुजू झाला. आमच्या खात्याच्या भाषेत प्रकरण 'क' समरीने बंद झाले, म्हणजे तक्रार गैरसमजुतीतून होती.

पण ते फक्त माझ्या वहीत बंद झाले. अध्यक्षांनी आरोपाचा मजकूर ग्रुपवरून गुपचूप काढून टाकला. मी चार पत्रे पाठवली. चौथ्यानंतर फोन आला: "सर, देव मिळाला, नोकरी मिळाली, सगळं गोड झालं. आता कशाला उकरता?" ज्याच्यावर आळ घेतला, त्याच्यासाठी ते गोड झाले का, हे त्यांनी विचारले नाही.

या प्रकरणाने मला शिकवले, की सेवेतून निवृत्त होता येते, सहीच्या जबाबदारीतून नाही. गणवेशात मी पुराव्याशिवाय कोणाला संशयित म्हटले असते, तर न्यायालयाने मला सोडले नसते. चपला घालून घरात बसलेल्या माणसालाही तोच नियम लागू आहे. एका अनोळखी माणसाने एका अनोळखी बाईला नुसती मान डोलावून दिलेला शब्द स्वतःचे नाव पणाला लावून पाळला, आणि आम्ही शिकलेसवरले लोक साधा डबा न पाहता त्याला चोर ठरवून मोकळे झालो.

माझी माफी मी ग्रुपवर मराठीत आणि गाईडला वाचता यावी म्हणून इंग्रजीतही प्रसिद्ध केली आहे. चिटणिसांनी गेल्या आठवड्यात तिच्याखाली स्वतःचे नाव जोडले, याची मी आभारपूर्वक नोंद करतो. अध्यक्षमहोदय, आता आपणच राहिलात. फोन नको, खासगी संदेश नको. सर्व सभासदांसमोर, जिथे आरोप केला त्याच ठिकाणी उत्तर द्या: तो आरोप आपण कोणत्या पुराव्यावर केला, आणि त्या माणसाची माफी कोणत्या दिवशी मागणार?