मोहघाटच्या मंडपाची तुळई

घनश्याम बोरकुटे नव्या गावात पोचला की थेट देवळात जाई आणि मंडपात उताणा पडे. सायकल बाहेर झाडाला टेकवलेली, टोपीची घडी डोक्याखाली, नजर छतावर. पहिल्या भेटीत तो कुणाला काही विचारत नसे. दाराशी जमलेली माणसं आपसात कुजबुजत.

"सरकारनं याले झोपाचा पगार देल्ला का बाप्पा?"

तो ऐके, हसे, आणि पडून राही. उन्हं सरकत तशी छताची गुपितं एकेक करून उघडी पडत. कोणत्या फटीतून उजेड येतो, कोणता दगड भर उन्हाळ्यातही ओलसर दिसतो, वटवाघळं कोणता कोपरा टाळतात. संध्याकाळी उठून तो कुणाच्या तरी ओसरीवर भाकर खाई आणि मगच म्हणे, "देऊळ चांगलं हाये तुमचं. त्याले काही होऊ नये असं वाटते."

चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. जुन्या प्रार्थनास्थळांच्या डागडुजीसाठी सरकारी मदत मिळू लागली होती, आणि ती गावोगाव पोचवण्याचं काम कचेरीतल्या घनश्यामकडे आलं होतं. देऊळ असो, दर्गा असो, कुण्या विसरलेल्या राजाच्या वेळची पडकी मढी असो, तिथे जायचं, काय मोडलंय ते बघायचं, गावाला श्रमदानाला उभं करायचं, वरच्या साहेबांची मंजुरी मिळवायची आणि काम पुरं होईतो हेलपाटे घालायचे. बाकीचे कारकून या कामाला वनवास म्हणत. घनश्याम मात्र बदली मागायचं नाव काढत नसे.

त्याची बायको रंभा त्याला टोमणा मारल्याशिवाय सोडत नसे. "साऱ्या जिल्ह्याच्या देवायचे छप्पर नीट करून राह्यले. आपल्या घरी पावसाळा आला का मी घमेलं घेऊन फिरतो."

"आपल्या घराले दोनशे वर्षं होऊ दे," तो जेवता जेवता म्हणे, "मंग पह्यला अर्ज आपलाच."

एकदा आलापल्लीच्या पलीकडे एका जंगलगावात तो मदत द्यायला म्हणून गेला होता. तिथला म्हातारा गायता, म्हणजे गावचा पुजारी, झाडू नावाचा, त्याला मोहाच्या जुन्या झाडांखाली घेऊन गेला. खाली काही उभे दगड होते, बाकी मोकळं रान. "आमच्या देवाले भिंतच नाई," झाडू म्हणाला. "तू काय नीट करशीन?" घनश्यामने खूप वेळ इकडे तिकडे पाहिलं. मग तोही झाडूशेजारी बसला आणि दोघांनी चिलीम ओढली. परत येऊन त्याने साहेबांना सांगितलं, तिथे काही करायची गरज नाही, झाडं तेवढी कुणी तोडू नयेत. कचेरीत हसू झालं. जंगल खात्याला मात्र त्याने ते पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि ती झाडं राहिली.

मोहघाटचं देऊळ त्याला माघात सापडलं. वैनगंगेच्या काठी मासे धरणाऱ्या धिवरांची वस्ती, वस्तीच्या टोकाला महादेवाचं दगडी देऊळ. नदीकडच्या खांबावर दोरानं घासून घासून खाचा पडलेल्या. पुराच्या दिवसांत पिढ्यान्‌पिढ्या डोंगे, लाकडी होड्या, त्याच खांबाला बांधलेले. घनश्याम मंडपात पडला आणि थोड्याच वेळात उठून बसला. इतक्या लवकर तो कधी उठत नसे. मधली तुळई, साऱ्या छताचा भार वाहणारा तो लांब दगड, खालच्या अंगाने चिरला होता. पावसाळ्यात वरचं बांधकाम पाणी पिऊन जड झालं की ती तुळई बसणार, आणि मंडप तिच्यासोबत. श्रावणात सोमवारी सारं गाव याच मंडपात भजनाला बसतं, असं त्याला कळलं तेव्हा तो गावात कुणाचा शब्द चालतो ते विचारत निघाला.

गावात शब्द चाले तो देवकाबाईचा. साठीची, सडसडीत, नऊवारीचा काचा मारून अजूनही जाळं टाकणारी बाई. नदीच्या वरच्या आणि खालच्या गावांतली धिवरांची लग्नं ती जुळवी. घनश्यामने तिला चीर दाखवली. ती मान वर करून बराच वेळ उभी राहिली.

"पडन का?"

"या पावसाळ्यात नाई पडली तर पुढच्या पावसाळ्यात. आलापल्लीच्या डेपोतून सागाचे खांब आनू, खालून टेका देऊ, वरचा भार उतरवू. पन त्याच्यासाठी नागपूरचे साहेब येतीन. त्यायनं डोयानं पाह्यल्याशिवाय मंजुरी नाई. आनि ते यंदा एकदाच येतीन, चैतात."

"येऊ द्या. मोहघाटात पाहुन्याची कदर होते."

घनश्याम समाधानाने सायकलवर बसला. एक गोष्ट सांगायची राहिली, हे त्याला चैत्रातच कळलं.

नागपूरच्या बक्षीसाहेबांची जीप नदीच्या वळणावर आली आणि घनश्यामला समोर पांढरं काही चमकताना दिसलं. आधी वाटलं, वाळूवरचं ऊन असेल. जवळ गेल्यावर त्याने दोन्ही हातांनी जीपचा दांडा घट्ट धरला. देऊळ पायापासून कळसापर्यंत पांढरंशुभ्र झालं होतं. बायकांनी उन्हाळ्याच्या उथळ पाण्यातले शिंपले वेचले होते, भाजून त्यांचा चुना केला होता, पळसाच्या मुळांच्या कुंच्यांनी हातावर हात चार वेळा फिरवले होते. चुन्यात दगडावरची नक्षी बुजली होती. खांबांवर गेरूच्या वेली चढल्या होत्या. आणि मधल्या तुळईची चीर चुन्याने भरून, लिंपून, तिच्यावर पोरींनी कमळांची रांग काढली होती.

दाराला आंब्याचं तोरण होतं. सारं गाव धुतल्या कपड्यांत उभं होतं. घरी कुणी यायचं असेल तर फुटकं भांडं पुढे ठेवायचं नाही, हा मोहघाटचा रिवाज. देवाच्या घरी पाहुणा येणार, मग देवाचं फाटकं लुगडं कोण दाखवणार?

बक्षीसाहेब मंडपात फिरले, कमळांकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "बोरकुटे, हे पडायला आलेलं देऊळ? माझ्या सासऱ्यांचं घर याच्याहून म्हातारं आहे."

"साहेब, चीर या रंगाखाली आहे."

"असेल. पण मी लिहिणार ते डोळ्यांना दिसेल तेवढंच. आणि मला दुपारच्या आत पुढे निघायचं आहे." साहेब वाईट माणूस नव्हते. ते झाडाखाली खाटेवर बसले, कुणी दिलेला चहा घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं.

घनश्यामच्या खिशात सुपारी कातरायचा अडकित्ता होता. कशावर तरी चढून चार ठिकाणी खरवडलं असतं तरी काम झालं असतं. त्याने खिशात हात घातलाही. मग त्याने गावाकडे पाहिलं. चुन्याने हातांची कातडी सोललेल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या, आता शाबासकी येईल अशा डोळ्यांनी. त्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि देवकाबाईकडे गेला.

"बाई, चूक माही हाये. जसं हाये तसं राहू द्या, हे मी सांगतलंच नाई. चीर दिसल्याबिगर मदत भेटत नाई. तेवढी कमळं पुसा लागतीन."

देवकाबाईचा चेहरा दगडासारखा झाला. "महादेवाले चारचौघांत उघडं करू म्हनता? परक्या मानसापुढं? आमी भिकारी नाई, घनश्यामभाऊ. पडलं तर पडलं, पन सजून पडन."

मागून मनसाराम नावाचा तिचा भाचा पुटपुटला, "मावशे, पडन तवा खाली आपनच बसलेलो राहू."

"तू चूप रे!"

घनश्याम खाली बसला. तिच्या पायाशी नव्हे, तिच्या बरोबरीने, ओट्यावर. "एक विचारू का बाई? मागच्या साली तुमी वरच्या गावच्या पोरीचं जमवलं. गोकुळा तिचं नाव. तिच्या पायाची गोष्ट मी ऐकली."

"काय ऐकली?"

"सुपारी फुटाच्या आधी तुमी भर पंगतीत सांगतलं म्हनते, पोरगी उजव्या पायानं लंगडते म्हनून."

"सांगा लागते," देवकाबाई फणकारली. "सुपारीच्या आधी ऐब सांगतली तर मंग सासरचे जनमभर बोलू शकत नाई. लपवून देल्ली तर पोरगी वापस येते. कोनाची लाज गेली मंग, सांगनाऱ्याची का लपवनाऱ्याची?"

 घनश्याम नदीकडे पाहत राहिला. बाकीचं त्याने तिच्यावर सोडून दिलं. देवकाबाईची नजर कमळांकडे वळली. साहेबांच्या ड्रायव्हरने जीपचं बोनेट खाली आपटलं, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

मग ती उठली. पदर खोचला.

"मनसाराम! डोंगा आन."

पोरांनी ओढत डोंगा आणला, मंडपात नेऊन पालथा घातला. त्याच्यावर मनसाराम चढला. बायकांनी ओली पोती खालून वर दिली. देवकाबाईने साहेबांना खाटेवरून उठवून आत आणलं आणि सारं गाव ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, आमचा महादेव जुना हाये. त्याचं घर आमी झाकलं, ते चुकलं. सुपारीच्या आधी सांगून राह्यलो, ऐका."

पहिलं कमळ पुसलं गेलं तेव्हा ते काढणारी पोरगी रडायला लागली. देवकाबाईने तिला जवळ घेतलं, पण पोतं थांबवलं नाही. ओल्या चुन्याचे पांढरे ओघळ खांबांवरून वाहिले आणि त्यांच्यामागून काळा दगड वर आला. चीर आता घनश्यामने पाहिली होती त्याहून रुंद होती. बक्षीसाहेब बूट काढून डोंग्यावर चढले. त्यांनी चिरेत बोटं घातली. ती पेरांपर्यंत आत गेली. ते खाली उतरले.

देवकाबाई मात्र आता थांबेना. "आनखी ऐका. गाभाऱ्यात पानी गळते. नदीकडचा कोपरा खचून राह्यला. कळसाच्या मांगं पिंपर उगवला, त्याचं मूळ कुठवर गेलं देवाले ठाऊक."

"बास बाई, बास!" साहेबांना हसू आवरेना. "एवढ्या खोडी असलेली नवरी कोण करून घेईल?"

"सांगतल्यावर आता वापस धाडता येत नाई," ती म्हणाली.

साहेबांनी मंजुरी तिथेच, डोंग्याच्या तळावर कागद टेकवून लिहिली.

साग आलापल्लीहून बैलगाड्यांनी आला. ज्येष्ठ उतरायच्या आत तुळईखाली चार खांब उभे राहिले, वरचा भार उतरला. उरलेला चुना काढायला मात्र पाऊस उघडेपर्यंतचे सारे रविवार गेले. घनश्याम त्यातल्या बहुतेक रविवारी तिथे होता, कारण नक्षीवर पोतं जोरात फिरवायचं नाही हे त्याला एकेकाचा हात धरून शिकवावं लागे. श्रावणात मंडप भरला. भजन चाललं तेव्हा तो बाहेर पावसात उभा राहून छत ऐकत होता. टाळांखेरीज दुसरा आवाज आला नाही.

पुढच्या वर्षी नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातून मदतीचा अर्ज आला. घनश्याम तिथे पोचला तेव्हा घाटाला देवकाबाईचा डोंगा आधीच लागलेला. गावच्या बायकांनी चुन्याची मडकी भरून ठेवली होती. ती तिने काठावर उपडी केली होती आणि आता देवळाच्या पायरीवर बसून बायकांना दटावत होती.

"सजवाचं मंग पाहू. आधी मले सांगा, याले कुठी दुखते?"

घनश्यामला पाहून ती थोडी सरकली आणि पायरीवर त्याच्यासाठी जागा केली.