चौकोनांमधली घरं

"वाच की," लेक म्हणाला. पुस्तक उघडून त्यानं पोरीपुढं धरलं होतं. दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा, त्याचा दोराही सुटला नव्हता. माझी नात पहिल्या ओळीवर बोट ठेवून बसली. 'आईने' एवढं वाचलं, पुढचा शब्द लागेना. बोट तिथंच राहिलं. त्याचा घाम कागदाला लागला.

हे लातूरला, स्मरणशक्ती वाढवायच्या कॉम्प्युटर वर्गात झालं. पोरगी पाचवीत होती, पण वाचायला बसली की अक्षरं टिकत नव्हती आणि लक्ष घटकाभर एका जागी राहत नव्हतं. म्हणून लेकानं तिला मुखेडहून इथं आणलं, खोली भाड्यानं घेतली आणि स्वयंपाकाला मला ठेवलं. सून गावी शेत बघायची. बोली अशी होती, की दिवाळीपर्यंत पोरीला वाचता आलं तर आम्ही दोघी इथंच राहायचं. नाहीतर तिला निलंग्याच्या निवासी शाळेत टाकायचं.

आजूबाजूच्या खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली पोरं. दारं लावून अभ्यास करायची. बोलायला मला ती आणि तिला मी.

वर्गात पडद्यावर चौकोन दिसायचे. एकेक पेटायचा, विझायचा. ज्या क्रमानं पेटले त्याच क्रमानं बोट लावायचं. जमलं की यंत्र आणखी एक वाढवायचं. पोरगी भराभर पुढं गेली. वर्गाच्या मॅडमनी कौतुकानं लेकाला फोन करून तिचे मार्क सांगितले आणि तो पेढे घेऊन एसटीनं आला.

ती हे कसं करते ते मला माहीत होतं. मी पोळ्या लाटत असताना तिनंच सांगितलं होतं.

"आजी, मी मनात आपल्या गल्लीत हळदीकुंकवाचं आवतन द्यायला निघते. हा चौकोन गिरणीवाल्या काकूचा, हा टाकीजवळच्या मामीचा. एक बी घर चुकत न्हाई."

"आन् उलटं विचारलं तर?"

"मंग घरी वापस येते."

पुस्तकात मात्र तिला गल्ली दिसत नव्हती.

लेक मॅडमकडं वळला. "मंग ते मार्क कशाचे वो?"

"खेळाचे," मॅडम म्हणाल्या. "खेळात ती खरंच पुढं गेली. त्यानं वाचनही सुधारेल असं मला वाटलं होतं. ते वेगळं शिकवावं लागेल, एकेक अक्षर धरून."

"माय, तू शिकवतीस का?"

"मी चौथी शिकलेली. मलाच अडखळत येतंय."

"मंग ठरल्यापरमानं."

"पप्पा, उलटं विचारा की," पोरगी म्हणाली. "उलटं येतंय मला."

पेढे टेबलावर ठेवून तो उठला.

दिवाळी झाल्यावर तो तिला निलंग्याला सोडून आला. लातूरच्या खोलीचं भाडं उन्हाळ्यापर्यंत भरलेलं होतं, म्हणून मी तिथंच राहिले. एकटीसाठी तवा तापवायचा कंटाळा यायचा. सकाळची भाकर संध्याकाळी खायची आणि पडायचं. शेजारची दारं लागलेलीच असायची.

तिकडचे दिवस तिनं एकटीनं काढले, इकडचे मी.