गॅलरीतून आलेला शब्द

विधिमंडळाच्या प्रतिवेदक शाखेत आम्ही तिला टाचणी म्हणायचो. अंगाने तशीच, आणि बोलणंही तसंच. अध्यक्षांच्या आसनाखाली जे लांबट टेबल असतं, तिथे बसून सभागृहात बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा, हे आमचं काम. थोडा वेळ एकीने लिहायचं, मग दुसरी येऊन बसायची, पहिलीने वर जाऊन टंकून काढायचं. असं दिवसभर. माझी पाळी बहुतेक वेळा टाचणीच्या नंतर असायची, त्यामुळे तिच्या पाठीमागे उभं राहून तिचा हात चालताना मी पुष्कळ पाहिलाय. सभागृहात माईक उपटले जायचे, कागदाचे बोळे उडायचे, एकदा तर एक सन्माननीय सदस्य आमच्या टेबलावरच चढले होते. टाचणीने फक्त पाण्याचा पेला बाजूला घेतला आणि लिहीत राहिली.

तिचा नवरा सरकारी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवायचा. पोरं त्याला पाठीमागे दगडोबा म्हणायची आणि त्याला ते ठाऊक होतं. नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी तो सांगायचा, "मी दगडोबा. तुम्हीही दगडच आहात, पण काळजी करू नका, आपल्याकडे दगडाला किंमत आहे." त्याच्या वर्गात पोरं कमी. गेल्या काही वर्षांत तर मुलीच जास्त, आजूबाजूच्या वस्त्यांतून चालत किंवा सायकलने येणाऱ्या. दुसऱ्या विषयाला प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेल्या, आणि मग रमलेल्या. सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन तो खाणीत हिंडायचा. संध्याकाळी बूट चिखलात बरबटवून घरी आला की टाचणी दारातच अडवायची, "अहो, तो डोंगर बाहेर ठेवा आणि मग आत या."

त्या वर्षीचं अर्थसंकल्पी भाषण लागलं आणि नेमकी टाचणीची पाळी होती. मंत्र्यांनी आधी कवितेच्या दोन ओळी म्हटल्या. बाकं वाजली. मग रस्ते झाले, पाणी झालं, आणि उच्च शिक्षण आलं. कमी पटसंख्येच्या महाविद्यालयांचं सुसूत्रीकरण करून ती जिल्ह्याच्या समूह केंद्रात विलीन करण्यात येतील, असं मंत्री म्हणाले. रोजगाराशी थेट संबंध नसलेल्या विषयांचे प्रवेश टप्प्याटप्प्याने थांबवण्यात येतील. मग त्यांनी महाविद्यालयांची नावं वाचली. दगडोबाचं महाविद्यालय मध्येच कुठेतरी आलं. मी मागे उभी होते. टाचणीची पेन्सिल ना थबकली, ना घसरली. 

वर येऊन तिने पाने टंकली, तपासून दिली आणि मगच फोन उचलला. पलीकडे दगडोबा म्हणाला, "ऐकलं. स्टाफरूमच्या टीव्हीवर लावलं होतं आम्ही." मग म्हणाला, "तूच लिहीत होतीस ना? डोक्याचा मागचा भाग दिसला तुझा."

पुढच्या आठवड्यात प्राध्यापक आणि विद्यार्थी विधानभवनाच्या फाटकाबाहेर उपोषणाला बसले. रस्त्याच्या कडेला तंबू, खाली सतरंज्या, कागदी फलक. दगडोबा पुढच्या रांगेत. टाचणीला रोज त्याच फाटकातून आत यावं लागायचं. आम्हा कर्मचाऱ्यांना आंदोलनाच्या आसपास फिरकायची बंदी. पाहिलं तरी विचारणा व्हायची. ती दिसली की दगडोबा मान वळवून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागायचा, तिची पंचाईत होऊ नये म्हणून. एकदा त्याच्या सोबतचा एक खट्याळ प्राध्यापक ओरडला, "बघा बघा, सरांच्या घरातच सरकार आहे, आणि सर रस्त्यावर!" सगळे हसले. टाचणीही हसली, पण आत येऊन प्रसाधनगृहात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

उपोषण साखळी पद्धतीचं होतं. ज्या दिवशी दगडोबाची पाळी नसेल त्या दिवशी ती त्याचा डबा फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवायची. सकाळी दोघं एकाच स्वयंपाकघरातून निघालेली असायची, पण डबा असा परक्या हाताने जायचा.

त्यांच्या भागाचा आमदार दगडोबाचाच जुना विद्यार्थी. अभ्यासात यथातथाच, पण खाणीच्या सहलीला सगळ्यांत पुढे. तो तंबूत येऊन सरांच्या पाया पडला. म्हणाला, "सर, उगाच जीव टांगणीला लावू नका. शिक्षण खात्याच्या मागणीवर मी कपात सूचना दिलीय. खर्चाला हरकत घेतली की मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं. सभागृहात त्यांची पिसं काढतो की नाही बघा."

सूचना त्याने खरोखरच दिली होती. कामकाजपत्रिकेवर मी ती छापलेली पाहिली. मुलींनी तंबूत टाळ्या वाजवल्या. एक जण टाचणीला फाटकाशी गाठून म्हणाली, "काकू, आमचं काही बोलले ना, तर एक शब्द सोडू नका हं." टाचणी आजूबाजूला पाहत घाईने म्हणाली, "नाही सोडणार गं बाई. जा, उन्हात उभी राहू नकोस."

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या मंजुरीला येणार होत्या. दगडोबाने आदल्या दिवशी तिच्याकडे प्रेक्षक गॅलरीचा पास मागितला.

"कशाला?" तिने विचारलं.

"पोरगा माझ्यासाठी बोलणार आहे. मला फक्त ऐकायचंय."

कर्मचाऱ्याच्या शिफारशीवर जवळच्या नातेवाइकाला पास मिळतो. तिने सही केली.

त्या दिवशी दुपार गोंधळातच गेली. वेळ संपत आली तेव्हा अध्यक्षांनी जाहीर केलं की उरलेल्या सर्व मागण्या आता चर्चेशिवाय मतास टाकण्यात येतील. हे दर वर्षीच होतं. खाती एकामागून एक येतात, 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा येतो आणि कोट्यवधींचा खर्च चहा निवायच्या आत मंजूर होतो. उच्च शिक्षणाची मागणी आली. कपात सूचनेवर आमदाराचं नाव पुकारलं. जागेवर तो नव्हता. दुपारी त्याला मी बाहेरच्या दालनात पाहिलं होतं, तेव्हा मंत्री त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगत होते. सदस्य अनुपस्थित, सूचना मांडली गेली नाही.

अध्यक्ष म्हणाले, "प्रस्तावाला अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे."

"होय."

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे."

विरोधी बाकं रिकामी होती. ते सगळे आधीच सभात्याग करून बाहेर गेले होते. आणि वरून, गॅलरीतून आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला आवाज.

"नाही!"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. टाचणीची गेली नाही. दगडोबा कठड्याशी उभा होता, दोन्ही हात मोकळे. दुसरं काहीही तो बोलला नाही. मार्शलनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. अध्यक्ष म्हणाले, "हे कामकाजात जाणार नाही. होयचे बहुमत आहे. मागणी मान्य झाली." आणि पुढची मागणी पुकारली.

मी तिच्या मागेच उभी होते. अध्यक्षांनी सांगण्याआधीच तिचा हात थांबला होता. गॅलरीतलं आपण लिहीत नाही. पहिल्या महिन्यात शिकवतात ते. "होयचे बहुमत आहे" आलं तशी पेन्सिल पुन्हा चालायला लागली.

सभागृह उठेपर्यंत दगडोबाला सुरक्षा विभागाच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. टाचणी गेली तेव्हा मीही सोबत गेले. खोलीत एक बाक, भिंतीला टेकवलेल्या तुटक्या खुर्च्या, कोपऱ्यात बंद पडलेला कूलर. त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलं होतं.

"घेतलंस का?" त्याने विचारलं.

"काय?"

"मी बोललो ते."

"नाही."

"अध्यक्षांनी नको म्हटलं म्हणून?"

"त्यांच्या आधीच. हात थांबला." मग ती म्हणाली, "तुम्ही मला ऐकायला येतो म्हणाला होतात."

"ऐकायलाच आलो होतो गं. नाही कुणी म्हणालंच नाही, तेव्हा..." त्याने तुटलेल्या बटणाच्या जागी बोट लावून पाहिलं. "जाऊ दे. तू तुझं काम केलंस. बरोबर केलंस."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला पुढे कधीतरी म्हणाली.

प्रकरण तेवढ्यावर मिटणारं नव्हतं. सभागृहाचा अवमान, तोही सरकारी नोकराकडून, आणि पास सभागृहाच्याच कर्मचारी बाईने दिलेला. अधिवेशन एक दिवसाने वाढवलं होतं, आणि त्यात शिक्षेचा प्रस्ताव आणायचं चाललं होतं. शाखाप्रमुखांनी टाचणीला बोलावून दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "ताई, उद्या सकाळपर्यंत त्यांच्याकडून लेखी माफी आणा. नाहीतर तुमचं निलंबन मला थोपवता येणार नाही. आणि तुमचं तरी काय, निवृत्ती तोंडावर आलीय."

घरी दगडोबा साफ नाही म्हणाला. "माफी? कसली माफी? विचारलं, उत्तर दिलं."

"तुम्हाला नव्हतं विचारलं."

"तेच तर म्हणतोय मी."

तिने पुढे एक अक्षर काढलं नाही. नोकरीचंही नाही, निवृत्तीचंही नाही. घेवड्याच्या शेंगा मोडत बसली. तो खोलीतून गच्चीत आणि गच्चीतून खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. सकाळी ती तयार होऊन बाहेर आली तेव्हा तो टेबलाशी कोरा कागद घेऊन बसला होता.

"सांग," तो म्हणाला. "तुला माहीत असतं कसं लिहितात ते."

ती उभ्याउभ्याच सांगत गेली आणि तो लिहीत गेला. सन्माननीय सभागृह, सार्वभौम अधिकार, असं सगळं. एका ठिकाणी तो थांबला.

"'भावनेच्या भरात'? पण मी भरात नव्हतो गं. चांगला शुद्धीवर होतो."

"माहीत आहे मला. तरी लिहा."

त्याने लिहिलं. सहीच्या जागी पूर्ण नाव, पद आणि विषय घातला.

माफीनामा सभागृहात वाचला गेला तेव्हा पाळी माझी होती. आता मात्र आमदार जागेवर हजर होता. हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, ते माझे गुरू आहेत. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे. सभागृहाने मोठ्या मनाने क्षमा करावी." बाकं वाजली. त्या अख्ख्या अधिवेशनात सरांबद्दल तो एवढंच बोलला, आणि ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं.

टाचणीचं निलंबन टळलं, पण सभागृहातलं टेबल सुटलं. तिला तळघरात जुन्या कार्यवाहीच्या सूची करायला बसवलं. महाविद्यालय उन्हाळ्यातच बंद झालं. विभागातले दगड, वर्षानुवर्षं गोळा करून चिठ्ठ्या चिकटवलेले, ट्रॉलीत भरून गेले आणि कुठल्या तरी कुंपणाच्या पायाभरणीत पडले. दगडोबाला समूह केंद्रावर नेमलं. तिथे त्याचा विषयच नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा आणि उरलेल्या वेळात हजेरीचं काम. खोली घेऊन राहायचा, शनिवारी घरी यायचा. बूट आता स्वच्छ असायचे. वर्षभरातच त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली.

मुलींपैकी केंद्रापर्यंत कुणी पोचलं नाही. एवढ्या लांब रोज जायचं कसं, आणि राहायला घरचे पाठवतात कशाला? दोघींची लग्नं झाली. बाकीच्यांचं कळेना, तसा दगडोबा बस पकडून एकेकीच्या घरी जाऊन आला. हे टाचणीने मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मी तळघरात तिच्याकडे डबा खायला जात असे. वर खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे.

"ती एक होती बघ," ती म्हणाली, "मला फाटकाशी थांबवून बोलली होती. डबे भरायच्या कारखान्यात लागलीय म्हणे. हे गेले तर बाप म्हणाला, रात्रपाळी करून आलीय, झोपलीय. हे पायरीवर बसून राहिले. तासभर तरी बसले असतील. आतून भांड्यांचा आवाज येत होता. जागीच होती ती."

"मग?"

"मग काय? बाहेर आली नाही. हे उठून आले."

मी विचारलं, आता ते काय करतात दिवसभर. टाचणी डब्याचं झाकण लावत होती.

"पेपर वाचतात. झोपतात. काल मला म्हणाले, तिला हाक मारायला हवी होती मी." तिने हात पुसले, चष्मा घातला आणि सूचीचा पुढचा गठ्ठा पुढ्यात ओढला.