उष्टी हळद

१८८५च्या वैशाखात रूस मुंबईवर चालून येणार, अशी आवई ठाण्याच्या खाडीपर्यंत पोचली. रूस कोण, कुठला, हे बाळकुमात कोणालाच ठाऊक नव्हतं; पण घाबरायला ओळख कशाला लागते? पलीकडच्या कशेळीहून धोंडीबा व्याह्याचा रखमाबाईला निरोप आला: आमच्या गणूचं नि तुमच्या शेवंतीचं लग्न लढाई सरल्यावर करू.

रखमाबाई तडक उठली. ती गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नसला तरी भागतं, धवले गाणारी बाई नसली तर लग्नच लागत नाही. साऱ्या गावाची लग्नं लावायची आणि स्वतःच्या लेकीने, शेवंतीने, नवऱ्याच्या उष्ट्या हळदीची वाट बघत बसायचं?

सत्तावन्न साली अशीच आवई उठली होती. रखमाची मोठी बहीण पाटावर, अंगाला अर्धीच हळद, तोच कोणीतरी ओरडलं, पलटण आली! बापाने धवला मध्येच बंद करवला आणि सगळ्यांना येऊरच्या डोंगरात नेलं. पलटण काही आली नाही, ताप मात्र आला. बहीण तिथेच गेली. तिचे पिवळे तळहात लहानग्या रखमाने पाहिले होते.

कशेळीला होडीतून उतरून रखमाबाई थेट धोंडीबाच्या अंगणात शिरली आणि उखळाशी बसली.

"निरोप पोचला ना, बाय?" धोंडीबा चाचरला.

"पोचला," म्हणत तिने हळकुंडं उखळात टाकली आणि धवला सुरू केला. एकदा सुरू झालेला धवला हळद लागेपर्यंत तोडायचा नसतो, हे धोंडीबालाही माहीत होतं. तो भोवती फिरत राहिला.

"आगो, रूस येतंय! तोफा हायत त्याचेकरं!"

गाणं सोडून बोलायची सोय नव्हती. रखमाबाईने उत्तर धवल्यातच घातलं:

"व्याही माजा वाघ गो बाय,
रूस दिसं ना, थरथरं पाय!"

अंगणभर हशा पिकला. धोंडीबाच्या बायकोनेच दुसरं मुसळ उचललं. तेवढ्यात गणू येऊन पाटावर बसला.

"तुला कोनी बोलावला रं?" धोंडीबा खेकसला.

"धवल्यानं," गणू म्हणाला.

संध्याकाळी उष्टी हळद वाटीतून खाडीपार आली. शेवंतीचे तळहात माखताना रखमाबाईचा आवाज जरासा अडला. बायकांना वाटलं, आईच ती, रडू यायचंच. तिने नाक पुसलं आणि धवला शेवटपर्यंत म्हटला.

"आये, रूस खरंच आला तर?" शेवंतीने विचारलं.

"पंगतीला बसव. भात चिक्कार हाय."