कमाईची वाढलेली संधी

कंपनीने भाड्याचे दर कमी केले, तेव्हा खरी अडचण झाली ती माझी, आणि तीही बायकोपुढे.

मी मलकापुरात राहतो आणि कराड परिसरात ॲपवर गाडी चालवतो. ज्या दिवशी दर कापले, त्या दिवशी फोनवर मेसेज आला : ‘अभिनंदन! प्रिय भागीदार, तुमच्या कमाईची संधी आता आणखी वाढली आहे.’ खाली फुगे आणि फटाके. घरी आल्यावर माझा फोन चार्जिंगला लावायचं काम बायकोचं, आणि लावता लावता वाचायचंही. तिने ही बातमी शेजारी दोन घरांत सांगून टाकली. त्या आठवड्यात पैसे कमी आले. पुढच्या मेसेजात ‘तुमच्या सोयीसाठी’ दररचना सुटसुटीत झाली, आणि पैसे अजून कमी आले.

“कंपनी येवढं अभिनंदन करतीया,” बायको म्हणाली, “मग पैसं जात्यात कुठं?”

मी तिला सगळं फोडून सांगितलं. औंधला देवीला माणसं सोडली की येताना गाडी रिकामी, त्याचा पैसा नाही, गॅस माझा, आणि वर कंपनीचा वाटा वाढलेला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आज दुपारी कुठं जेवलात?”

तेव्हापासून माझा शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगला जाऊ लागला. आणि नशीब बघा, त्याच दिवसांत आष्ट्याच्या एका पॅसेंजरने जावळाच्या जेवणाचा डबा माझ्या गाडीत सांडला. शर्टाला मटणाच्या रश्श्याचा घमघमाट. घडलं ते मी खरंखरं सांगितलं, पण सांगताना माझं मलाच ते पटेना.

असे दिवस चालले असताना मेसेज आला : ‘भागीदार मेळावा. सहकुटुंब यावे. स्नेहभोजन.’ ठिकाण, एक मंगल कार्यालय.

आमच्याकडे ज्याचा ऊस, तो कारखान्याचा सभासद. सभासद म्हणजे मालक. वर्षातून एकदा मांडवात सभा भरते, वरून विषय वाचले जातात, पुढच्या खुर्च्या ‘मंजूर’ म्हणतात, मागच्या ‘नामंजूर’ म्हणून ओरडतात, आणि दिवाळीला सभासदाच्या घरी स्वस्तातली साखर येते. हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे भागीदार म्हणून जेवायला बोलावलंय म्हटल्यावर ही सभाच आहे, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली. काहींच्या बायकांनी साखरेसाठी पिशव्याही आणल्या होत्या.

पुण्याहून आलेला तरुण साहेब माईक घेऊन उभा राहिला. तो काही बोलायच्या आत आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ ड्रायव्हर, औंधकडचे रिटायर हवालदार, उठले. “सायेब, आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा.”

“काका, मागची सभा झालीच नव्हती.”

“मग तेच कायम करा आनि पुढं चला.”

पडद्यावर ‘नवीन दररचना’ एवढंच आलं होतं, तर मागून ‘नामंजूर’ सुरू. साहेबाला तो उत्साह वाटला. तो हसून म्हणाला, “मित्रांनो, हे मंजुरीसाठी नाही, फक्त माहितीसाठी आहे.”

“मग आमी भागीदार कशातले?” हवालदारांनी विचारलं.

“काका, आपण सगळे एक कुटुंब आहोत.”

“कुटुंब आमचं आमी आणलंय,” म्हणून हवालदार खाली बसले.

साहेब पुन्हा संधीवर आला. मी बुटांकडे बघत होतो. एवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. बायको उभी राहिली होती.

“सायेब, दर वाढला का कमी झाला?”

“ताई, तो आता मागणीनुसार बदलतो.”

“बदलून वाढला का बदलून कमी झाला?”

“संधी नक्कीच वाढली आहे.”

“संधी न्हाई इचारली मी. हे घरी पैसं कमी आणत्यात. तुमी म्हणता वाढलं. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय. मला ह्यांच्यासंगं संसार करायचाय, म्हणून इचारते.”

साहेबाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुधा त्याचं नुकतंच लग्न झालं असावं. त्याने माईक खाली घेतला आणि हळूच म्हणाला, “कमी झालाय, ताई.”

माईक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायको माझ्याकडे बघत टाळ्या वाजवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. स्वतःच्या लग्नातसुद्धा मला मंगल कार्यालयात एवढा आनंद झाला नव्हता.

हवालदारांनी आभाराचा ठराव मांडला आणि लगेच विचारलं, “मग आता वाढणार कवा?” साहेब म्हणाला, “वर कळवतो.” पुरीभाजी झाली, जिलेबी झाली. पिशव्या रिकाम्याच घरी गेल्या.

संध्याकाळी बायकोने माझ्या आवडीचं अंड्याचं कालवण केलं. शर्ट न हुंगता भिजत टाकला. मग नेहमीप्रमाणे फोन चार्जिंगला लावायला गेली आणि तिथेच उभी राहिली.

‘आजच्या मेळाव्यात आपल्या भागीदारांनी नवीन दररचनेचं टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केलं. अभिनंदन!’

तिने ते दोनदा वाचलं. “ह्याला उलट लिवून धाडता येतं का?”

“न्हाई येत.”

ती माझ्या समोर येऊन बसली. दर कमी झाला हे कळल्यावरसुद्धा तिचा चेहरा एवढा उतरला नव्हता.

“ह्यात माझी बी टाळी धरली त्यांनी,” ती म्हणाली. “ती तर मी तुमी खरं बोलत हुता म्हणून वाजवली हुती.”