असू दे, एक जादा

कारखान्याच्या भांडारात त्यांनी उभी हयात काढली आणि तिथेच त्यांना 'असूदे' हे नाव चिकटलं. कोणी चार बोल्ट मागितले की हे पाच काढून द्यायचे. "असू दे, एक जादा." निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणात मोठे साहेब त्यांचं खरं नाव विसरले आणि "आपले असूदे" म्हणून मोकळे झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्यात सगळ्यांत जोरात टाळ्या असूदेंच्याच होत्या.

घरीही तीच तऱ्हा. दाराला लॅच, लॅचखाली कडी, कडीखाली अडसर. बाहेर पडताना कुलूप ओढून बघायचं, जिना उतरायचा, पुन्हा चढायचा आणि पुन्हा ओढायचं. "मला चोराचीच दया येते," बायको म्हणायची. "बिचारा एवढं सगळं उघडून आत येईल, आणि त्याला मिळेल काय? आणखी कुलपं!" हा विनोद असूदेंना इतका आवडला की ते तो चारचौघांत स्वतःच सांगायला लागले. स्वतःवर हसायची त्यांना हौस होती. सुधारायची नव्हती.

बायको एका वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत असे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीचं वाचनालय ते. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या करून तिने आपला स्टुडिओ थाटला होता. असूदेंना तिथे मज्जाव होता, कारण ते आत असले की एक तर खुर्ची करकरायची, नाहीतर ऐन रंगात ते "हं!" म्हणायचे. मग ते बाहेर उभे राहून त्या खोलीच्या दाराचं हँडल पुसत बसायचे. घरातलं दुसरं कुठलंही हँडल इतकं चकचकीत नव्हतं.

सध्या एक जाडजूड रहस्यकथा चालू होती. मोठ्या बंगल्यातला खून, आणि घरातला प्रत्येक जण संशयित. शेवटचं प्रकरण बायकोने आदल्या दिवशी वाचून संपवलं, तेव्हा असूदे नेमके गॅसवाल्याला दार उघडायला गेले होते. लॅच, कडी आणि अडसर काढून ते परत येईपर्यंत खुनी सापडून गेला होता. बायकोला विचारायची सोय नव्हती, कारण आपण ऐकतच नाही असं त्यांनी तिला कायम सांगितलं होतं.

खुनी कळायची घाई आणखी एकाला होती. त्या वाचनालयाची पुस्तकं ऐकणारे गणिताचे एक निवृत्त मास्तर प्रत्येक प्रकरणानंतर बायकोला फोन करायचे. "बाई, उद्या माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," ते आज सकाळीच म्हणाले होते. "भूल द्यायच्या आधी मला खुनी कळलाच पाहिजे. नाहीतर मी शुद्धीवर येणार नाही, सांगून ठेवतो!" बायकोने शब्द दिला होता. संध्याकाळपर्यंत शेवटचं प्रकरण मास्तरांना मिळणार म्हणजे मिळणार.

मग ती दाताच्या डॉक्टरकडे गेली. कॉम्प्युटर चालू होता. आणि असूदेंना बागेतल्या बाकावर ऐकलेली गोष्ट आठवली, की कोणाच्या तरी साडूच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि सगळं धुऊन घेऊन गेला. बायकोच्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस होता. पण एकच! एका कडीवर घर?

त्यांनी दुसरा अँटिव्हायरस शोधून बसवायला घेतला. मधेच एक पाटी आली, इथे आधीच एक अँटिव्हायरस आहे, तो काढून टाकू का? "छे! असू दे," असूदे पडद्याला म्हणाले आणि त्यांनी 'पुढे' दाबलं. मग कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. त्यांनी पासवर्ड टाकला. 'स्वागत आहे' अशी अक्षरं आली, गोल गोल चक्र फिरलं, आणि पडदा पुन्हा पासवर्ड मागायला लागला.

त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा स्वागत, पुन्हा चक्र, पुन्हा पासवर्ड. हे आपल्याला ओळखीचं आहे असं त्यांना वाटलं, आणि मग लक्षात आलं की आपणही पाहुण्यांना असंच करतो. 'या, या' म्हणतो आणि कडी काढत बसतो. त्यांनी वायर काढून पुन्हा घातली, कीबोर्ड उलटा करून झटकला, थोडं चुचकारलं, थोडं थोपटलं. भांडारात अशाने पंखे चालू व्हायचे. इथे काही होईना.

तेवढ्यात बायको आली. इंजेक्शनमुळे तिचा अर्धा गाल बधिर होता.

"काय केलंत?" तिने विचारलं. गाल बधिर असल्याने ते "काय केलंफ" असं ऐकू आलं, पण असूदेंना हसायचं धैर्य झालं नाही.

"मी? कुठे काय! त्याचं त्यालाच काहीतरी झालं."

"माझी प्रकरणं आहेत त्यात. सगळं पुस्तक आहे."

एवढंच बोलून ती स्टुलावर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. असूदेंनी जुन्या अँटिव्हायरसवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, तुम्ही दुसरा एखादा अँटिव्हायरस बसवलाय का?" पलीकडच्या बाईंचा पहिलाच प्रश्न.

असूदेंनी स्टुलाकडे पाहिलं. "छे छे! मी कशाला बसवतोय?"

मग त्या बिचाऱ्या बाईंनी त्यांच्याकडून नाना कसरती करून घेतल्या. इंटरनेटची तार काढा, पुन्हा लावा. हे बटण दाबून धरा, ते सोडा. पासवर्ड बदला. सगळं व्यर्थ. जखम एकीकडे आणि मलमपट्टी दुसरीकडे, हे एकट्या असूदेंना ठाऊक होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "सर, आता एकच उपाय दिसतोय. सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल. आत जे आहे ते जाईल."

बायकोने हातातलं जाड पुस्तक मिटलं.

तो आवाज असूदेंना सहन झाला नाही. फोन घेऊन ते न्हाणीघरात शिरले, कडी लावली, आणि तोंडावर टॉवेल धरून कुजबुजले, "अहो बाई, बसवलाय. दुसरा. आज सकाळीच."

स्पीकर अजून चालूच होता.

"म्हणजे दोन आहेत?" बाईंचा खणखणीत आवाज न्हाणीघराच्या फरशांवर आपटून घरभर गेला. "अहो सर, मग ते एकमेकांनाच चोर समजून अडवतायत! आधीच सांगायचंत ना!"

असूदे बाहेर आले. बायको दाराशीच उभी होती. "पैलवानाच्या घरी दुसरा पैलवान ठेवला," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आणि म्हणे दार का उघडत नाही. माझ्यासारखा शहाणा मीच!" एरवी या वाक्यावर ती हसली असती.

पुढचं सोपं होतं. बाईंनी कॉम्प्युटर 'सेफ मोड'मध्ये चालू करायला लावला, म्हणजे ज्यात पहारेकरी झोपलेले असतात आणि फक्त गरजेपुरतं घर उघडतं. पासवर्ड टाकताच आतला पडदा दिसला. असूदेंच्या जिवात जीव आला. नवा अँटिव्हायरस काढताना त्याने विचारलं, मी संशयावरून एक वस्तू अडकवून ठेवली आहे, परत ठेवू की काढून टाकू?

"थांबा सर, आधी वाचून दाखवा—" बाई म्हणत होत्या.

पण असूदेंना आज स्वतःचा मनस्वी राग आला होता. ज्या माणसाने जन्मात गंजका खिळा फेकला नाही, त्याने दात आवळून 'काढून टाका' दाबलं.

नवा अँटिव्हायरस गेला. कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालू झाला. बायकोने आपली प्रकरणं मोजली. सगळी जागच्या जागी होती, शेवटचं सोडून. नव्या पहारेकऱ्याला ते कालच तयार झालेलं, अनोळखी वाटलं होतं. त्यालाच त्याने अडकवलं होतं, आणि असूदेंनी त्याचा निकाल लावला होता. बाईंनाही आता ते परत आणता येईना.

आयुष्यभर असूदे जगाला 'असू दे' म्हणत आले. जिथे म्हणायचं होतं तिथे नेमकं म्हटलं नाही. आता कोणीतरी आपल्याला म्हणावं असं त्यांना फार वाटलं, आणि ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. ती म्हणाली नाही. तिने गाल चिमटून पाहिला, थोडी जाग आली होती. मग तिने माइक पुढे ओढला.

असूदे मुकाट बाहेर जायला निघाले.

"कुठे निघालात? बाहेर राहिलात तर आणखी काहीतरी दुरुस्त कराल. इथे बसा, माझ्या डोळ्यांसमोर. आणि हूं का चूं करायचं नाही."

ते गादीला पाठ लावून जमिनीवर बसले. ती वाचायला लागली. दाराआडून इतके दिवस तुकड्यातुकड्यांनी ऐकलेला तो आवाज आज अख्खा समोर होता. थकलेला, एका बाजूने थोडा जड, पण एकदाही न चुकणारा. इतकं सुंदर वाचते ही, आणि मी हँडलं पुसत बसलो, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

बंगल्यातले सगळे एका खोलीत जमले. गुप्तहेराने एकेकाला निर्दोष सोडलं. उरला राखणदार, रोज रात्री प्रत्येक दाराची कडी दोनदा तपासणारा. साऱ्या पुस्तकात असूदेंना आवडलेला माणूस तेवढाच. गुप्तहेराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, कुंपणानेच शेत खाल्लं की!" असूदे ओरडले.

बायकोने उरलेली दोन पानं न अडखळता वाचून संपवली.

बाहेर उजेड उतरत होता. मास्तरांना प्रकरण पाठवायची वेळ झाली होती. रेकॉर्डिंगमधलं नको तेवढं कापायचा पडदा उघडून ती आवाजाची रेघ पुढे सरकवत होती. एके ठिकाणी ती रेघ उंच उसळली होती. तिने ती जागा वाजवली. 'कुंपणानेच शेत खाल्लं की!'

असूदेंचे कान लाल झाले. "काप ना ते. मास्तर काय म्हणतील?"

बायकोचा हात माउसवर होता. ती त्या उसळलेल्या रेघेकडे बघत राहिली, आणि बधिर नसलेल्या बाजूने तिला हसू फुटलं.

"असू दे," ती म्हणाली. "एक जादा."