ऑलराइटचं यमक

आमच्या शेजारच्या बारकूभाऊजींना एकच शब्द उरला आहे, आणि तोही इंग्रजी.

कसाऱ्याच्या अलीकडे एका रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. गाडी यायच्या आधी फाटक पाडायचं, हिरवा झेंडा धरून उभं राहायचं, गाडी निघून गेली की फोनवर स्टेशनला कळवायचं, "ऑलराइट." उभा जन्म हेच केलं. निवृत्त होऊन किन्हवलीकडे आमच्या पाड्यात घरी आले, वाफ्यात वांगी-मिरच्या लावल्या, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला, बोलणं सगळंच गेलं. बऱ्याच दिवसांनी इस्पितळात तोंड उघडलं, तेव्हा बाहेर आलं ते "ऑलराइट."

राही, त्यांची बायको, तिथेच खाटेजवळ आनंदानं रडली. आम्हाला वाटलं, एक आला, आता मागून बाकीचे येतील. मी देवापुढे पेढे ठेवले.

मागून कोणी आलं नाही.

सुरुवातीला त्याची गंमतच झाली. "भाऊजी, चहा घेता?" "ऑलराइट." "बिनसाखरेचा?" "ऑलराइट." नाक्यावरचा सुनिल मुद्दाम ओटीवर येऊन बसायचा. "काका, काकूला माहेरी धाडून दुसरी करायची का?"

"ऑलराइट."

"कर रे, शोध तूच," राही आतून ओरडायची. "भाकऱ्या तरी थापील कोनी. माजे हात सुटतील."

भाऊजीही हसायचे, अर्ध्या तोंडानं. त्यांना कळत सगळं होतं, फक्त शब्द निघायचा तो तेवढाच.

ते हसणं माघात बंद पडलं. राही रोज अंग पुसताना विचारायची, "कुठं दुखतय का वो?" ते म्हणायचे, "ऑलराइट." रविनाला, त्यांच्या सुनेला, चादर बदलताना वास आला. कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी जखम, आत बोट जाईल एवढी. मी धावत गेले तेव्हा राही भिंतीला टेकून खाली बसली होती.

"मी रोज इचारत व्हते, वयनी. ह्ये रोज सांगत व्हते, ऑलराइट."

तेव्हापासून तिचं मागणं लहान झालं. नवऱ्यानं आपल्याला नावानं हाक मारावी, नातवाशी बोलावं, हे तिनं सोडून दिलं. दुखतंय तेव्हा दुखतंय एवढं त्यांना सांगता यावं. त्यासाठी एखादा शब्द पुरला असता.

कल्याणला बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, "गाण्याचा रस्ता डोक्यात वेगळा असतो. ज्यांना बोलता येत नाही, त्यांनाही कधी कधी गाण्याची ओळ पुरी करता येते. तुम्ही ओळ म्हणा, शेवटचा शब्द त्यांच्यावर सोडा. जीभ ज्या शब्दाला वळतेय, त्याच्याच वळणाचे शब्द घ्या."

म्हणजे यमक. राहीला याहून सोपं काय सांगायचं! हळदीला गाणी जोडायची तर आमच्याकडे तीच. नवरदेवाचं नाव मंगळू असो की प्रणय, ती हळद खलता खलता ओळ जुळवून द्यायची. पण इंग्रजी शब्दाचं यमक तिनं कधी शोधलं नव्हतं. आम्ही दोघी तिच्या ओटीवर वाल सोलत बसलो आणि शोधू लागलो. लाइट. टाइट. फाइट. रविनानं आतून सांगितलं, "नाइट, ब्राइट." राहीचे हात मध्येच थांबले.

"वाईट," ती म्हणाली. "वयनी, वाईट! देवानं जवळच ठेवलाय गो आपल्यासाठी."

हवा होता तोच शब्द, आणि यमकात चपखल.

संध्याकाळी तिनं त्यांच्यासमोर बसून हळदीच्या चालीवर ओळ लावली. "अंधार पडला घरात गो, सूनबाई लाव..." आणि थांबली.

"ऑलराइट," भाऊजी म्हणाले.

"चोळी शिवली नवरीला गो, बाहीत झाली..."

"ऑलराइट."

"दूध नासला, दही नासला, वास येतो..."

त्यांनी ओठ दुमडले, 'व'ला जमवावेत तसे. "ऑलराइट."

आठवडे असेच गेले. यमक जितकं पक्कं, तितकं ते पुन्हा त्याच शब्दात पडायचं. बैल सवयीच्या गोठ्याकडे वळतो, तसंच. शेवटी रविना म्हणाली, "आई, कच्चं यमक घेऊन बघा ना. जरा चुकलेलं."

"कच्च्या यमकाला बाया हसतात," राही म्हणाली. तिला ते पटेना. पण रात्रभर विचार करून सकाळी तिनं नवी ओळ लावली. "नवरदेव बसला गो, चंदनाचा मांडला..."

"पाट," भाऊजी म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. रविना परात हातात घेऊन दारातच उभी राहिली. मी घरी पळाले आणि देवाजवळ दिवा लावला. त्या आठवड्यात "घाट" आला, मग "वाट" आला. आता 'वाट'मध्ये एक 'ई' तेवढी घालायची राहिली. मी गोड सोडलं. ज्या दिवशी भाऊजी 'वाईट' म्हणतील, त्या दिवशी खीर करून व्रत सोडायचं असं देवाला बोलले. राही रोज 'वा' म्हणून तोंड उघडं ठेवायची, 'ई'ला ओठ ताणून दाखवायची, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. चैत्र गेला, आषाढ गेला, भात लावून झाला. ती 'ई' काही आली नाही.

भाद्रपदात एका सकाळी राहीला त्यांचं ओटीपोट दगडासारखं लागलं. भाड्याची जीप करून शहापूरला नेलं, मीही गेले. डॉक्टर पोरसवदा होता, पण मायेचा. पोटावर हात ठेवून त्यानं विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

सगळ्या वॉर्डासमोर राहीनं ओळ लावली. "दूध नासला, दही नासला, वास येतो..."

भाऊजींनी डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. कपाळावर घाम आला. "वा," ते म्हणाले. "वा..." डॉक्टर थांबला. खरंच थांबला, देव त्याचं भलं करो.

"वाट."

"कुणाची वाट बघताय, बाबा?" त्यानं हळूच विचारलं.

भाऊजींचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातून ते म्हणाले, "ऑलराइट. ऑलराइट. ऑलराइट."

"लिवू नका ते कागदावर, डाक्टर," राही म्हणाली. "खोटं हाय ते."

लघवी अडली होती. नळी घातली, उतार पडला. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "एवढा काळ गेल्यावर जे आलं तेवढंच, असं धरून चाला." राहीनं त्यांच्याशी वाद घातला नाही. दिवाळीपर्यंत 'पाट' आणि 'घाट'ही गेले, मग 'वाट'. का गेले, ते कुणाला सांगता आलं नाही.

राही आता ओळ लावत नाही. रविनाच्या माहेरी, मुरबाडकडे, यंदा हळद होती, बोलावणं आलं, तर नको म्हणाली. मी म्हटलं, "जा गं, तेवढाच जिवाला विसावा." तर म्हणाली, "ओळ लावली का शेवटचा शब्द सोडून थांबते मी. बाया म्हनतील, म्हातारी इसरली."

ती आता त्यांना काही विचारत नाही. रोज आंघोळ घातली की टाचेपासून मानेपर्यंत अंगठ्यानं दाबत जाते, आणि दाबताना त्यांच्या डाव्या भुवईकडे बघते. भुवई हलली की तिथं दुखतंय. ते मध्येच आपला शब्द बोलतात. ती म्हणते, "गप ऱ्हा वो," आणि पुढचं दाबते.

काल मी तिचे हात पाहिले. बोटांची पेरं सुजली आहेत, सकाळी मूठ वळत नाही. म्हणाली, दाबताना हाताला नीट लागत नाही हल्ली. मी सकाळी देवापुढे बसले, तर बराच वेळ काय मागावं तेच सुचेना. मग तिच्या बोटांपुरतं मागितलं. गोड अजून सोडलेलंच आहे, पण ते कशासाठी, हे आता मी देवाला सांगत नाही.